हलगीच्या मागून चालणारे यंत्र : रोलँड व्हीएस-८८० च्या मिडी सिंकचे परीक्षण

हलगी एका लयीत वाजत नाही आणि तिने तशी वाजावी अशी अपेक्षाही कोणी धरू नये. कुस्तीच्या मैदानात पैलवान हात मिळवतात तेव्हा ती सावकाश असते, झोंबाझोंबी वाढत जाईल तशी चढत जाते आणि चितपटीच्या सुमारास ती कुठल्या लयीला पोचली आहे हे वाजवणाऱ्यालाही सांगता येत नाही. गेल्या पावसाळ्यात एका मित्राने तालमीवर केलेल्या छोट्या चित्रफितीचे पार्श्वसंगीत माझ्याकडे आले. त्यात हलगी आणि घुमके खरे हवे होते, त्यांच्याखाली कीबोर्डवरचे संथ सूर हवे होते आणि रिदम मशीनचे काही खोल ठोके हलगीच्या समेवर नेमके पडायला हवे होते. हलगी वाजवणाऱ्या मामांना हेडफोन देऊन मेट्रोनोमच्या टिकटिकीवर वाजवायला सांगण्याचा सोपा मार्ग मी आधी वापरून पाहिला. दुसऱ्याच मिनिटाला त्यांनी हेडफोन काढून शेजारच्या खुर्चीवर ठेवला आणि म्हणाले, "ह्ये कानात वाजाय लागलं की हात चालंना बगा."

म्हणजे माणसाने यंत्राच्या मागून जाण्याऐवजी यंत्रांनी माणसाच्या मागून जाणे भाग होते. त्यासाठी मी ज्याचा आधार घेतला, त्या रोलँड कंपनीच्या व्हीएस-८८० या डिजिटल रेकॉर्डरचे हे परीक्षण आहे. या यंत्राच्या आवाजाबद्दल आणि मिक्सरबद्दल आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून येथे मी त्याच्या एकाच अंगाकडे पाहणार आहे : लयीची माहिती वापरून बाहेरच्या मिडी वाद्यांना (मिडी म्हणजे वाद्यांनी तारेतून एकमेकांना संदेश पाठवण्याची ठरलेली भाषा) बरोबर घेऊन चालणे त्याला कितपत जमते.

यंत्र १९९६ चे आहे. आठ ट्रॅक, प्रत्येक ट्रॅकच्या पोटात आठ व्हर्च्युअल ट्रॅक, म्हणजे एकूण चौसष्ट पदर, अशी त्याची रचना असून आवाज फितीवर नव्हे तर आतल्या हार्ड डिस्कवर साठतो. नमुनागती, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो वेग, ४८, ४४.१ किंवा ३२ किलोहर्ट्झ यांपैकी निवडता येते. मी ते दोन वर्षांपूर्वी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून अकरा हजारांना घेतले. त्यांच्याकडे त्याचे काम संपले होते, कारण त्यांचे सगळे ट्रॅक आता लॅपटॉपवरून वाजतात. मंगळवार पेठेतल्या माझ्या दहा बाय बाराच्या खोलीत बहुधा भजनी मंडळे, शाहिरी पथके आणि क्वचित नाटकाचे पार्श्वसंगीत एवढेच ध्वनिमुद्रण होते, आणि तेवढ्यापुरते हे यंत्र आजही कमी पडत नाही.

सिंक, म्हणजे यंत्रांनी एकाच लयीत चालणे, कशासाठी हवे असते, ते आधी आकड्यांत पाहिलेले बरे. रिदम मशीनवर लय १२०, म्हणजे मिनिटाला १२० मात्रा, ठेवली आणि रेकॉर्डरमधले गाणे प्रत्यक्षात १२०.१ च्या लयीत असले, तर चार मिनिटांच्या गाण्याअखेर दोघांमध्ये सुमारे दोनशे मिलिसेकंदांचे अंतर पडते. १२० च्या लयीत एक मात्रा पाचशे मिलिसेकंदांची असते, तेव्हा हे अंतर जवळजवळ अर्ध्या मात्रेच्या वाटेवर असते आणि ते घरातल्या पोरालाही ऐकू येते. दोन्ही यंत्रांवर आकडे तंतोतंत जुळवले तरीही दोघांची बटणे एकाच क्षणी दाबणे हाताला शक्य नसते, आणि गाणे मधूनच सुरू करायचे असेल तर विषयच संपतो. म्हणून एका यंत्राने म्होरक्या व्हायचे आणि बाकीच्यांनी आपली घड्याळे बाजूला ठेवून त्याचे ऐकायचे, ही पद्धत पडली.

मिडी क्लॉक नावाची ही हाक अगदी साधी आहे. म्होरक्या यंत्र दर मात्रेला चोवीस वेळा एकेका बाइटचा संदेश पाठवते. त्या संदेशात वेळही नसते आणि लयीचा आकडाही नसतो. दोन हाकांमधले अंतर मोजून समोरच्या यंत्राने लय ओळखायची असते. १२० च्या लयीत सेकंदाला अठ्ठेचाळीस हाका जातात. मिडीच्या तारेतून सेकंदाला ३१,२५० बिट जात असल्यामुळे अशा एका हाकेला एक मिलिसेकंदाच्या एकतृतीयांशाहून कमी वेळ लागतो, आणि सुरांचे संदेश चालू असले तरी क्लॉकच्या बाइटला त्यांच्या मधून घुसण्याची मुभा आहे. यांशिवाय सुरू, थांब आणि पुढे चालू असे तीन वेगळे संदेश आहेत, आणि गाण्यात कितव्या ठिकाणी आहोत हे सांगणारा साँग पोझिशन पॉइंटर हा आणखी एक. तो पाव मात्रेच्या पट्टीने मोजतो. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या नॅम प्रदर्शनात सिक्वेन्शियल आणि रोलँड या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांची वाद्ये एका तारेने जोडून दाखवली गेली. त्या समझोत्यामुळेच १९९६ चा रेकॉर्डर आणि त्याच्याहून बऱ्याच नंतरचा भलत्याच कंपनीचा कीबोर्ड आज माझ्या टेबलावर एकमेकांशी बोलू शकतात. एरवी दोन कंपन्यांचे चार्जरसुद्धा कित्येक वर्षे आपसांत जुळत नव्हते.

जोडणी तशी दोन मिनिटांची आहे. रेकॉर्डरच्या मिडी आउटमधून केबल रिदम मशीनच्या इनमध्ये, त्याच्या थ्रूमधून दुसरी केबल कीबोर्डच्या इनमध्ये. कीबोर्डचा सीक्वेन्सर (सुरांचे संदेश साठवून वाजवणारा भाग) आणि रिदम मशीन हे दोन्ही बाहेरच्या क्लॉकवर ठेवायचे, रेकॉर्डरच्या सिस्टिम मेनूत जनरेटर, म्हणजे कोणती हाक बाहेर पाठवायची ते ठरवणारे सेटिंग, मिडी क्लॉकवर नेऊन ठेवायचा आणि प्लेचे बटण दाबायचे. मी दाबले, आणि काहीही झाले नाही. रेकॉर्डर वाजत होता आणि बाकी दोघे हाताची घडी घालून उभे असल्यासारखे स्वस्थ होते. मी आधी केबलवर संशय घेतला, कारण ती लक्ष्मीपुरीतून घेतलेली स्वस्तातली पाच पिनांची केबल होती. उद्यमनगरातल्या एका ओळखीच्या कारागिराकडून चार नंबरची पिन चारला, पाचची पाचला आणि दोन नंबरला वरची जाळी, अशी नवीन केबल झाळून आणली. तरीही तेच. मग विकणाऱ्यांना फोन करून दोन शब्द बोललो, त्याबद्दल आता लाज वाटते. या यंत्राला मिडी आउट आणि मिडी थ्रू अशी दोन स्वतंत्र छिद्रे नाहीत. एकच छिद्र दोन्ही कामे करते आणि त्याने कोणते काम करायचे ते मेनूत ठरवावे लागते. माझ्याकडे ते थ्रूवर राहिले होते, म्हणजे इनमध्ये येईल तेच पुढे जाणार होते आणि इनमध्ये तर काहीच जोडलेले नव्हते. सेटिंग आउटवर आणताच कीबोर्डच्या पडद्यावरचा लयीचा आकडा हलला आणि रिदम मशीन रेकॉर्डरच्या बटणाबरोबर धावू लागले. हे छिद्र दुहेरी असल्याचे त्याच्या वरच्या बाजूला छापलेलेही आहे. यंत्र भिंतीला टेकवून ठेवले की ते वाचता येत नाही, एवढेच.

लयीची माहिती रेकॉर्डरमध्ये दोन प्रकारे ठेवता येते आणि या यंत्राचे खरे मोल या दोन्हींत आहे. पहिला प्रकार टेम्पो मॅपचा. अमुक मापापासून (बारपासून) अमुक लय आणि अमुक मात्रांचे माप, अशी यादी आपण हाताने भरायची आणि यंत्राने त्या यादीबरहुकूम क्लॉक पाठवायचा. भजनी मंडळांसाठी मी हाच वापरतो. अभंग ठरलेल्या लयीत सुरू होतो, शेवटच्या गजराला लय दुप्पट होते आणि मध्ये फारसे काही घडत नाही, तेव्हा दोन-तीन नोंदींत काम उरकते. पाश्चात्त्य पद्धतीच्या मापांत आपले ताल बसवताना थोडी जुळवाजुळव करावी लागते. भजनी ठेक्याच्या आठ मात्रांसाठी ४/४ ची दोन मापे घेतली की झाले, रूपकासाठी ७/४ चे एक माप घेतले, झपतालासाठी मी ५/४ ची दोन मापे घेतो; सम दर दुसऱ्या मापावर येते एवढे ध्यानात ठेवले की अडचण येत नाही. विलंबित ख्यालासाठी मात्र या यादीच्या वाटेला जाऊ नये. उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांनी ज्या गावात आपली गायकी रुजवली, त्या गावात बसून विलंबिताला आकड्यांत कोंडण्याचा उद्योग माझ्याने तरी होणार नाही.

दुसरा प्रकार सिंक ट्रॅकचा. यात लयीचे आकडे नसतात. क्लॉकच्या हाकाच एकामागून एक, जशा आल्या तशा, गाण्याच्या वेळेवर नोंदलेल्या असतात. फितीच्या चार किंवा आठ ट्रॅकच्या रेकॉर्डरवर सिंकसाठी एक ट्रॅक बळी द्यावा लागे, त्यावर कर्कश संकेत भरावा लागे आणि तो शेजारच्या ट्रॅकमध्ये झिरपणार नाही याची काळजी वेगळीच. येथे सिंक ट्रॅक आवाजाच्या आठ ट्रॅकांच्या बाहेर आहे, त्यामुळे काहीच खर्ची पडत नाही. कीबोर्डच्या सीक्वेन्सरमध्ये लयीच्या चढउतारांसह तयार असलेले गाणे एकदा वाजवून त्याचा क्लॉक या ट्रॅकवर नोंदवून घेता येतो, आणि पुढच्या वेळेपासून रेकॉर्डर म्होरक्या होतो. मला मात्र उलट दिशेने जायचे होते. लय हलगीत होती आणि हलगीला मिडी नसते.

त्यावर या यंत्रात जो उपाय आहे, तो मला या किमतीत सोन्यासारखा वाटतो. वाजलेला ट्रॅक ऐकत ऐकत मात्रेमात्रेवर टॅपचे बटण दाबत जायचे; प्रत्येक दाबाला यंत्र त्या जागी खूण टाकते, आणि अखेरीस मेनूतून त्या खुणांचाच सिंक ट्रॅक बनवून घेता येतो. दोन खुणांमधले अंतर म्हणजे एक मात्रा असे धरून यंत्र मधल्या चोवीस हाका स्वतःच वाटून देते. हलगी साधारण ९६ च्या लयीत सुरू होऊन १४८ च्या आसपास संपत होती. म्हणजे सुरुवातीला मात्रा ६२५ मिलिसेकंदांची आणि हाकांमधले अंतर सव्वीस मिलिसेकंदांचे. शेवटी मात्रा चारशे पाचची आणि अंतर सतराच्या थोडे आत. हे सगळे मधले उतरणे कोणाला यादीत लिहून काढता आले नसते.

पहिल्यांदा टॅप मी केले आणि परिणाम ऐकवेना. माझे बोट हलगीच्या आवाजाची वाट पाहून मग खाली जात होते, त्यामुळे प्रत्येक खूण किंचित मागे पडली होती आणि जिथे मी दचकून लवकर दाबले तिथे रिदम मशीन अडखळल्यासारखे पुढे उडी घेत होते. दुसऱ्या आणि तिसऱ्या खेपेलाही फार फरक पडला नाही. मामा कोपऱ्यात बसून दुसऱ्या हलगीचे कातडे जळत्या कागदावर शेकत होते. त्यांनी थोडा वेळ हे पाहिले, हलगी खाली ठेवली, मनगटावर काजळी लागलेला उजवा हात पँटला पुसला आणि म्हणाले, "द्या हिकडं, मी दाबतो." बटण कशासाठी आहे हे त्यांनी विचारले नाही. स्वतःच वाजवलेले ऐकत त्यांनी डोळे मिटून, काडी धरावी तशी बोटे वळवून, साडेतीन मिनिटे ते बटण वाजवले. त्या खुणांवरून बनवलेला सिंक ट्रॅक लावला तेव्हा कीबोर्डचे सूर हलगीबरोबर सावकाश चढत गेले आणि रिदम मशीनचा ठोका समेखाली असा बसला की तो वेगळा ऐकू येईना, घुमक्याचाच आवाज जाड झाल्यासारखे वाटले. तेच तर हवे होते. टॅप करताना बोट आवाजाच्या मागे न जाता त्याच्या बरोबर पडावे लागते आणि ते पुढचा ठोका आधीच अंगात असलेल्या माणसालाच जमते. हे सिंकच्या कोणत्याही पुस्तिकेत छापलेले मी पाहिलेले नाही. दोन ठिकाणच्या खुणा नंतर मी हाताने सरकवल्या, बाकी सगळे त्यांचेच राहिले. हलगीच्या आधी त्यांनी काड्यांवर चार ठोके मोजले होते, ते पुसून न टाकल्याचाही फायदा झाला, कारण मागून येणाऱ्या यंत्रांना पाय जुळवायला तेवढी जागा मिळाली.

मिडी टाइम कोड हा तिसरा मार्गही या यंत्रात आहे आणि येथे त्याची बाजू किंचित लंगडी आहे. टाइम कोडमध्ये मात्रेची भाषा नसते, तास, मिनिट, सेकंद आणि चित्राची चौकट यांची असते. एका चौकटीत चार संदेश जातात आणि पूर्ण वेळ कळायला आठ संदेश, म्हणजे दोन चौकटी लागतात. चित्रासोबत काम करणाऱ्यांना तो हवाच. व्हीएस-८८० टाइम कोड पाठवतो आणि त्याच्या मागूनही चालतो, परंतु बाहेरून येणाऱ्या मिडी क्लॉकच्या मागून तो चालत नाही. म्हणजे ज्याच्याकडे फक्त क्लॉक पाठवणारे साधे रिदम मशीन आहे आणि त्यालाच म्होरक्या करायचे आहे, त्याने हे यंत्र घेऊ नये, किंवा तो क्लॉक आधी सिंक ट्रॅकवर नोंदवून घेण्याची वळणाची वाट धरावी. माझ्या मते याला उणीव म्हणण्यातही फारसा अर्थ नाही. डिजिटल रेकॉर्डरचा वेग त्याच्या आतल्या स्फटिकाने बांधलेला असतो. त्याला दुसऱ्याच्या वेळेमागे पळवायचे तर नमुनागती सतत किंचित वरखाली करावी लागते, आणि नमुनागती हलली की सूर हलतो. तंबोरा लावलेला असताना हा डळमळीतपणा कानाला लगेच टोचतो. आवाज साठवलेल्या यंत्राने स्वस्थ चालावे आणि फक्त संदेशांवर जगणाऱ्या यंत्रांनी त्याच्या मागून पळावे, हीच व्यवस्था शहाणपणाची.

तक्रारी आहेत, आणि त्या सिंकशी संबंधित तेवढ्याच सांगतो. पडदा लहान आहे आणि सिंकची सेटिंग्ज एका जागी नाहीत. जनरेटर एकीकडे, आउट-थ्रूचा निर्णय दुसरीकडे आणि खुणांवरून ट्रॅक बनवण्याची सोय तिसरीकडे, त्यामुळे सहा महिन्यांनी पुन्हा बसलो की सगळे नव्याने शोधावे लागते. मी एका कार्डावर क्रम लिहून तो यंत्राच्या बाजूला चिकटवला आहे. हार्ड डिस्कची घूंघूं मायक्रोफोनमध्ये येते, हलगीला त्याने काही बिघडत नाही, पण एकट्या आवाजाचे ध्वनिमुद्रण करताना मी यंत्रावर सतरंजीची घडी टाकतो आणि हवा खेळायला मागची बाजू मोकळी ठेवतो. बंद करण्यापूर्वी शटडाउनची विधी करावीच लागते, आणि पावसाळ्यात आमच्या पेठेतली लाइट विधी करायला सवड देत नाही, म्हणून यूपीएसविना हे यंत्र मी चालवत नाही. घरघर ऐकू आली तर दोष मिडीच्या केबलला देऊ नये. मिडीचा संदेश इनपाशी प्रकाशाच्या जोडणीतून आत जातो, दोन यंत्रांमध्ये विजेचा थेट संबंध येत नाही. घरघर येते ती आवाजाच्या तारांतून.

ज्यांच्याकडे बरा संगणक आणि ध्वनिमुद्रणाचे चांगले सॉफ्टवेअर आहे, त्यांनी या यंत्राच्या नादी लागू नये. ठोके ओळखून लयीचा नकाशा काढण्याचे काम संगणक अधिक सफाईने करतो आणि चुकलेली खूण डोळ्यांनी पाहून सरकवता येते. माझ्यासारख्या ज्यांना मंडपात, तालमीत किंवा देवळाच्या ओवरीत दोन मायक्रोफोन आणि एक डबा घेऊन जायचे असते आणि समोरच्या कलाकाराला पडद्याऐवजी बटण द्यायचे असते, त्यांना अकरा-बारा हजारांत याहून बरे काही मिळेल असे मला वाटत नाही.

घ्यायला जाताना मागच्या पाटीवर विजेचा दाब वाचावा. जपानमधल्या घरगुती वापराचे यंत्र १०० व्होल्टचे असते आणि आपल्या २३० वर लावले की व्यवहार तिथेच संपतो. बरोबर आपली मिडी केबल आणि सीक्वेन्सर असलेला लहानसा कीबोर्ड न्यावा, आउट-थ्रूचे सेटिंग आधी तपासावे, रेकॉर्डरची लय बदलल्यावर कीबोर्डवरचा आकडा मागोमाग बदलतो का ते पाहावे, गाणे मधूनच सुरू करून कीबोर्ड त्याच मापावर येतो का तेही पाहावे, आणि टॅपचे बटण वीसपंचवीस वेळा दाबून बघावे. माझ्या यंत्रावर आता त्या बटणाचा रबर एका बाजूला किंचित दबला आहे, आणि त्यावर काजळीचा एक पुसट ठसा अजून आहे.